मातृभोजनाचा पाट

प्रेम आणि कुळ यांच्या संघर्षावर बेतलेले ऐतिहासिक चित्रपट प्रेक्षकापुढे बहुधा एकच प्रश्न ठेवतात: दोन माणसांचा एकमेकांवर जीव जडला असताना त्यांच्या आड येण्याचा अधिकार घरच्यांना कोणी दिला? हा प्रश्न मनाला भिडणारा असला तरी धर्मचिंतनाला तो अपुरा पडतो, कारण आड येणारी माणसे स्वतःला दुष्ट समजत नसतात. आपण आपले कर्तव्य करीत आहोत अशी त्यांची श्रद्धा असते, आणि त्या श्रद्धेपायी तीही आपल्या परीने दुःख सोसत असतात. त्या श्रद्धेला धर्म म्हणावे काय, हा खरा आणि अधिक अवघड प्रश्न होय. पेशवा बाजीराव आणि मस्तानी यांच्या प्रेमावरील, संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’ या १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने तो पुन्हा विचारण्यासारखा आहे. हा चित्रपट ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या मराठी कादंबरीवर आधारलेला असल्यामुळे आणि त्यातील घर, सोवळे आणि नातीगोती सगळी पुणे प्रांतातली असल्यामुळे मराठी वाचकाला तो आपल्या घरातला प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

चित्रपटाचा पट बुंदेलखंडापासून नर्मदेपर्यंत पसरलेला असला तरी कथेचा सगळ्यांत दुखरा भाग भीमेच्या दोन काठांवर घडलेला आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके असून त्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. तिच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यात, पाबळ आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे मस्तानीला इनाम होती आणि तिची कबरही पाबळलाच आहे. दक्षिणेला, दौंड तालुक्यात, सोलापूरच्या रस्त्यावर पाटस आहे. १७३९च्या अखेरीस मस्तानीपासून दूर केलेला बाजीराव तेथे जाऊन राहिला होता. आरसेमहालाचे वैभव पडद्यावर पाहून भारावलेल्या प्रेक्षकाला ही दोन गावे फारशी आठवत नाहीत, परंतु धर्माचा जो प्रश्न येथे विचारायचा आहे त्याचे धागेदोरे याच गावांपाशी सापडतात.

मस्तानीला नाकारणारे पेशव्यांचे घर कसे होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. बाजीरावाचे भट घराणे मूळचे कोकणातल्या श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या त्रासामुळे बाळाजी विश्वनाथ देशावर आले, कारकुनीपासून चढत १७१३ साली पेशवे झाले, आणि १७२० साली त्यांच्या मृत्यूनंतर ते पद विसाव्या वर्षातल्या बाजीरावाकडे आले. घराण्याचा मुक्काम आधी सासवडला होता. तेथून बाजीरावाने तो पुण्यास हलवला, आणि १७३० साली शनिवारवाड्याच्या बांधकामास प्रारंभ झाला तेव्हा पुणे हे एक कसबे होते, म्हणजे बाजारपेठ असलेले मोठे गाव. साम्राज्याची सूत्रे हाती असलेले हे घर, पण त्याची प्रतिष्ठा मोजणारी माणसे गावातली होती: उपाध्ये, शास्त्री, सोयरे आणि सावकार. बाजीरावाची पत्नी काशीबाई हिचे माहेर चासकर जोशी यांचे, म्हणजे पेढीवाल्या सावकाराचे. शिवाय देशावरचे जुने ब्राह्मण कोकणातून आलेल्या चित्पावनांना आपल्या बरोबरीचे मानण्यास आणि त्यांच्या पंगतीला बसण्यास सहजासहजी तयार नव्हते. सत्ता एका पिढीत मिळवता येते. पंगतीतली जागा मात्र त्या काळी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आचाराने मिळत असे, आणि एका चुकीने जाऊही शकत असे. नव्याने वर आलेले घराणे आचाराच्या बाबतीत जुन्यापेक्षा अधिक काटेकोर असते, याचे कारण या असुरक्षिततेत आहे.

येथे ‘सोवळे’ या शब्दाचा अर्थ नीट लक्षात घेणे इष्ट. स्वयंपाक, पूजा आणि भोजन या वेळी शरीर, वस्त्र आणि अन्न यांना बाहेरचा स्पर्श होऊ न देण्याचा जो नियम, तो सोवळे. त्याच्या उलट ते ओवळे. हा नियम मनातल्या भावनेशी संबंधित नाही, तो वाळत घातलेल्या धाबळीशी, पाण्याच्या घागरीशी आणि चुलीपासून कोण किती अंतरावर उभे आहे याच्याशी संबंधित आहे. म्हणूनच एखाद्या माणसाविषयी मनात द्वेष नसतानाही त्याला आयुष्यभर घराबाहेर ठेवता येते, आणि ठेवणाऱ्याला आपण अन्याय केला असे वाटतही नाही. चित्रपटातील राधाबाई, म्हणजे बाजीरावाची आई, ही करारी आणि बोचरी विधवा म्हणून रंगवली आहे. तन्वी आझमी यांचा अभिनय प्रभावी असला तरी एकट्या बाईचा स्वभाव हेच सगळ्याचे कारण असल्याचा भास त्यातून होतो. राधाबाई कठोर नसत्या, अगदी प्रेमळ असत्या, तरीही वाड्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठा मस्तानीसाठी तेवढाच उंच राहिला असता.

दुसरा मुद्दा विवाहाचा. बंगश या मोगल सरदाराच्या वेढ्यात सापडलेल्या बुंदेलखंडाच्या छत्रसाल राजाने १७२९ साली बाजीरावाला साहाय्यास बोलावले, बाजीरावाने त्याची सुटका केली, आणि त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. ती छत्रसालाला मुसलमान स्त्रीपासून झालेली मुलगी होती, अशी परंपरा आहे. चित्रपटात बाजीराव तिला आपली कट्यार देतो आणि बुंदेली रीतीप्रमाणे कट्यारीशी लग्न लागले म्हणजे तिच्या मालकाशी लागले, असे ती मानते. वराच्या जागी त्याचे शस्त्र ठेवून लग्न लावण्याची खांडा पद्धत राजपुतांमध्ये परिचित होती, त्यामुळे ही कल्पना अगदीच हवेतली नाही. यातून एक मूलभूत धर्मशास्त्रीय प्रश्न उभा राहतो. धर्मशास्त्र देशाचाराला, म्हणजे त्या त्या प्रदेशातल्या रूढीला, प्रमाण मानते. मग जो विधी बेतवेच्या काठी विवाह ठरतो तो मुळा-मुठेच्या काठी विवाह ठरतो की नाही? पुण्याच्या शास्त्रीमंडळींचे उत्तर नकारार्थी होते आणि त्याला आधारही होता. उच्च वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाच्या स्त्रीशी केलेला अनुलोम विवाह जुन्या स्मृतींनी काहीशा नाराजीने का होईना मान्य केला होता, परंतु पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांनी, तो कलिवर्ज्यात टाकला. कलिवर्ज्य म्हणजे पूर्वीच्या युगांत चालत असलेल्या पण कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टी. मस्तानी तर वर्णव्यवस्थेच्या बाहेरचीच समजली गेली. अशा स्त्रीसाठी पेशवाईच्या व्यवहारात एक तयार शब्द होता: नाटकशाळा, म्हणजे सरदाराने बाळगलेली, लग्नाची नसलेली स्त्री. तो शब्द वापरला की प्रश्नच उरत नसे. नाटकशाळा बाळगणे हे त्या काळी घराण्याला बट्टा लावणारे कृत्य नव्हते. घराला धोका होता तो ती स्त्री स्वतःला पत्नी समजू लागल्याचा आणि तिच्या यजमानानेही तसेच मानल्याचा. वासना घराला पचत होती, निष्ठा पचली नाही. ज्या आचारात पत्नीचा मान मागणारी स्त्री रखेलीपेक्षा अधिक अपवित्र ठरते, त्या आचाराने धर्माचा एक आधारभूत अर्थ गमावला आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

हा अर्थ सर्वांत ठळकपणे दिसतो तो मुलाच्या मुंजीच्या प्रसंगी. १७३४ साली मस्तानीला मुलगा झाला. बाजीरावाने त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते आणि त्याला ब्राह्मण म्हणून वाढवावे अशी त्याची इच्छा होती, परंतु ब्राह्मणांनी मुंज लावण्यास नकार दिला, असे परंपरा सांगते. पुढे हा मुलगा समशेर बहादूर म्हणून ओळखला गेला. या नकाराचे स्पष्टीकरण सामान्यतः रक्ताच्या शुद्धतेवरून दिले जाते: आई मुसलमान, म्हणून मुलाला अधिकार नाही. शास्त्राच्या पोथीत कारण तेच होते. परंतु मुंजीचा विधी प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आणला तर त्या नकारात आणखी काय सामावले होते ते कळते.

मुंज म्हणजे उपनयन, मुलाला गुरूजवळ नेऊन गायत्रीमंत्राचा अधिकार देण्याचा संस्कार. महाराष्ट्रातील घरांत त्या दिवशी सकाळी, मुलाचे डोके भादरण्यापूर्वी, मातृभोजन होते. पाट मांडतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, आणि मुलगा आईच्या ताटात तिच्याबरोबर शेवटचा जेवतो. शेजारी मुंज झालेले इतर बटू पंगतीला बसलेले असतात. यानंतर तो आईच्या उष्ट्यात जेवणार नाही, कारण तो आता द्विज, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मलेला, होणार असतो. पुढे मंत्रोपदेश झाला की हातात दंड घेऊन तो भिक्षा मागायला निघतो, आणि पहिली भिक्षा पुन्हा आईच घालते. मुलाला आईपासून वेगळे करणारा हा संस्कार आईवाचून सुरूच होऊ शकत नाही; ज्या ताटातून त्याला उठवायचे ते ताट आधी मांडावे लागते. विधीची रचना करणाऱ्यांना माणसाच्या मनाची किती खोल जाण होती, हे या एका तपशिलावरून समजते.

कृष्णरावाची मुंज शनिवारवाड्यात झाली असती, तर मातृभोजनाच्या पाटावर मस्तानीला बसवावे लागले असते. सोवळ्यात शिजलेला भात तिच्या ताटात वाढावा लागला असता, तिने तो आपल्या हाताने मुलाला भरवला असता, आणि बटूंच्या पंगतीत ते ताट उघडपणे असते. तिच्या जागी दुसऱ्या सुवासिनीला बसवणे शास्त्राने अशक्य नव्हते, आई नसलेल्या मुलांच्या मुंजी तशाच लागतात, पण जिवंत आई वाड्याच्या दुसऱ्या चौकात असताना तसे करणे म्हणजे तिला मेलेली धरणे होते. मुलगा पवित्र आहे की नाही हा वाद वरवरचा होता. खाली दडलेला प्रश्न एका पाटाचा होता. मुलाला स्वीकारायचे तर आईला जेवायला वाढणे भाग होते, आणि तेवढे एक जेवण घराला अशक्य झाले.

त्यानंतरच्या घटना संक्षेपाने सांगता येतात. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा आणि थोरला मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला पहाऱ्यात ठेवले. १७३९च्या नोव्हेंबरात बाजीराव पाटसला गेला, तेव्हा ती पहारा चुकवून त्याच्याकडे पोहोचली आणि तिला पुन्हा पुण्यास आणण्यात आले. १७४०च्या आरंभी घरात चिमाजी आप्पाचा मुलगा सदाशिवराव याचे लग्न आणि बाजीरावाचा धाकटा मुलगा रघुनाथराव याची मुंज ही दोन शुभकार्ये होती. म्हणजे एका मुलाच्या मातृभोजनाचा पाट मांडला जात होता त्याच सुमारास दुसऱ्या मुलाची आई कैदेत होती. छत्रपती शाहू महाराजांचा कल मात्र वेगळा होता. मस्तानीला अडकवून राऊंना, म्हणजे बाजीरावाला, दुखवू नये, असा त्यांचा अभिप्राय साताऱ्याहून कळवण्यात आला होता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला आणि थोड्याच काळात मस्तानीही गेली.

या सगळ्याला चित्रपटाने दिलेले उत्तर असे की प्रेम हाच एक धर्म आहे आणि इतर धर्म त्याच्यापुढे गौण आहेत. सूफी विचारात आणि भक्तिसंप्रदायांतही या उत्तराला जुने आणि आदरणीय स्थान आहे, म्हणून ते सवंग ठरवणे योग्य होणार नाही. तथापि त्यात एक उणीव राहते. प्रेम हा स्वतंत्र धर्म मानला की त्याचे अनुयायी दोनच उरतात, त्यांचे देऊळ मृत्यूनंतरच उभे राहते, आणि घराचा धर्म जसा होता तसाच, कुणीही न तपासलेला, मागे शिल्लक राहतो. प्रेक्षक रडतो, पण आपल्या घरच्या पंगतीविषयी त्याला काही विचारले गेलेले नसते. चित्रपटावर महाराष्ट्रात जो वाद झाला तोही याची साक्ष देतो: काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ या गाण्यावर एकत्र नाचताना दाखवल्या, ते पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला शोभत नाही, अशी तक्रार होती. आक्षेप घेणाऱ्यांचा इतिहासविषयक मुद्दा रास्त होता, तसे नृत्य घडणे शक्य नव्हते; परंतु पावणेतीनशे वर्षांनंतरही या दोघी एका चौकात येण्यानेच लोकांना सर्वाधिक अस्वस्थ केले, ही बाब नोंदण्यासारखी आहे.

याच प्रश्नाला मराठी चित्रपटाने पूर्वी एकदा अगदी थेट हात घातला होता. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३५ साली ‘धर्मात्मा’ हा संत एकनाथांवरील चित्रपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक होते, एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती, आणि ‘महात्मा’ हे मूळ नाव सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलावे लागले होते. त्यात नाट्य कसले, तर एक ब्राह्मण अस्पृश्यांच्या पंगतीला जेवतो याचे. तेथे प्रेमकथा नाही, आरसेमहाल नाही, पण धर्म म्हणजे काय हा प्रश्न ताटापाशी आणून सोडवला आहे. ‘धर्मात्मा’ कलाकृती म्हणून बाळबोध वाटू शकेल. विचार म्हणून तो नंतर आलेल्या भव्य चित्रपटापेक्षा पुढे आहे.

पेशव्यांच्या घराला दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता, असेही म्हणता येत नाही. विजापूरकरांकडे मुसलमान झालेल्या फलटणच्या बजाजी निंबाळकरांना शिवकालात परत घेण्यात आले आणि शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखुबाई त्यांच्या मुलाला, महादजीला, दिली. त्या सोयरिकीचे महत्त्व प्रायश्चित्तापेक्षा मोठे होते, कारण प्रायश्चित्ताने माणूस शास्त्रात परत येतो आणि सोयरिकीने घरात. हा फरक मराठी समाजाला पेशवाईच्या आधीच ठाऊक होता. भीमेच्या खोऱ्यातली भक्तिपरंपराही दूर नव्हती: मस्तानीला इनाम असलेले केंदूर हे वारकरी संत कान्हूराज पाठक यांचे गाव, आणि हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होऊन चोखोबांच्या समाधीजवळून वाहते. मात्र वारकरी पंथाने देवापुढची समता जितक्या निःशंकपणे सांगितली तितकी घरातली सांगितली नाही. वाळवंटात पायांवर डोके ठेवणारा गावी परतल्यावर पंगत वेगळीच मांडत राहिला. वाड्यातल्या माणसांना संतांची वाणी पाठ होती आणि तिचा स्वयंपाकघराशी काही संबंध आहे असे त्यांना वाटले नाही.

मस्तानीचा स्वतःचा धर्म कोणता, याविषयी बरीच चर्चा होते. छत्रसाल प्रणामी पंथाचा, महामती प्राणनाथांचा शिष्य होता. या पंथाचा ‘कुलजम स्वरूप’ हा ग्रंथ कृष्णभक्तीची आणि कुराणाची भाषा एकाच सत्याच्या दोन बाजू म्हणून वापरतो, आणि पन्ना हे त्याचे मोठे पीठ आहे. अशा दरबारात वाढलेल्या मुलीला ‘हिंदू की मुसलमान’ हा प्रश्न पुण्यात आल्यावरच इतक्या धारदारपणे ऐकावा लागला असेल. हा विचार महत्त्वाचा आहे, तरी त्याच्या आहारी जाणे बरे नव्हे. ती प्रणामी होती असे सिद्ध करून तिला घेण्यास हरकत नव्हती असे म्हणणे म्हणजे घराने लावलेली कसोटीच मान्य करून तिला त्यात उत्तीर्ण करणे होय. ती पक्की नमाजी मुसलमान असती तरी तिच्या मुलाच्या बापाचे, आणि त्या बापाच्या घराचे, तिच्याविषयीचे ऋण तेवढेच राहिले असते. विवाह, अपत्य आणि आश्रय यांतून जे बंधन निर्माण होते ते निभावणे, ही धर्माची कसोटी जन्माच्या कसोटीहून जुनी आणि अधिक भक्कम आहे.

त्या घराला हे मनोमन कळत होते, याचा पुरावा पुढच्या वीस वर्षांत मिळतो. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे द्विजाला दासीपासून झालेल्या मुलाला वाटणीचा हक्क नसतो, केवळ पोषणाचा असतो. पेशव्यांनी समशेर बहादूरला त्याहून पुष्कळ अधिक दिले. तो घराण्यातच वाढला, सरदार झाला, मोहिमांवर गेला. १७६१ साली पानिपतावर तो आपल्या चुलतभावाच्या, सदाशिवरावभाऊच्या, बाजूने लढला. ज्याच्या लग्नाच्या दिवसांत समशेरची आई कैदेत होती, तोच हा सदाशिवराव. जखमी होऊन समशेर सुरजमल जाटाच्या मुलखात पोहोचला आणि तेथेच सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची कबर तेथेच बांधली गेली. रणात त्याचे रक्त भाऊबंदांच्या रक्तात मिसळले तेव्हा कोणाला सोवळे आठवले नाही. भाऊबंद म्हणून मरण्याचा अधिकार त्याला होता आणि मुंजीत आईच्या ताटात जेवण्याचा नव्हता, ही विसंगती कोणत्याही स्मृतीच्या आधाराने मिटवता येत नाही. त्याचा मुलगा अलीबहादूर याने पुढे बुंदेलखंडात, आजीच्या माहेरच्या प्रदेशात, राज्य उभारले आणि त्याचे वंशज बांद्याचे नवाब म्हणून ओळखले गेले. शनिवारवाड्याच्या तटात आजही एका दरवाज्याला मस्तानीचे नाव आहे.

पाबळला तिची कबर साधी, दगडी आहे. पेशवे घराण्यातल्या माणसाला शोभेल अशी छत्री किंवा घुमट तिच्यावर नाही. गावातले आणि बाहेरून येणारे हिंदू लोक तिला मस्तानीची समाधी म्हणतात आणि मुसलमान तिला मस्तानीची मजार म्हणतात. दोन्ही नावे एकाच दगडाला आहेत, आणि गावाला त्यांतले एक निवडण्याची गरज पडलेली नाही.